श्वानखाद्याची गोणी उलटून वाचताना

भाकरी तोंडात धरून पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या संत नामदेवांची कथा कीर्तनातून आजही सांगितली जाते. कोरडी भाकरी खाऊन त्या जिवाचे पोट दुखेल, ही नामदेवांची काळजी. भक्तीच्या अंगाने या कथेचा अर्थ निराळा आणि मोठा आहे. परंतु आहारशास्त्राच्या अंगाने पाहिले, तरी ती काळजी अगदीच अस्थानी नव्हती. भाकरी म्हणजे मुख्यतः पिष्टमय पदार्थ, तूप म्हणजे स्निग्धांश. दोन्ही मिळून कुत्र्याला ऊर्जा पुरते. पुरत नाहीत ती प्रथिने आणि कॅल्शियम. आज दुकानात टांगलेली कोरड्या श्वानखाद्याची पाकिटे ही उणीव भरून काढण्याचे आश्वासन देतात. ते आश्वासन कितपत खरे, हे पाकिटाच्या पुढच्या बाजूस नव्हे, मागच्या बाजूस लिहिलेले असते.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर कुत्रा हा प्रामुख्याने राखणदार. शेळ्यांचा गोठा, खळे, ऊसतोडीसाठी परजिल्ह्यात गेलेल्या कुटुंबाचे बंद घर किंवा तिकडे कारखान्याच्या परिसरात पडलेला कोप्यांचा तळ, जेथे राखण तेथे कुत्रा. त्याचे अन्न म्हणजे घरात उरलेली भाकरी, थोडे कालवण, क्वचित ताक. अलीकडच्या काळात मात्र ग्रामीण भागातही अंगणात लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड दिसू लागले आणि त्यांच्यामागोमाग दाणेदार खाद्यही आले. कंपनी कोणतीही असो, गावात त्याला सरसकट ‘पेडिग्री’ म्हटले जाते. वनस्पती तुपाला जसे ‘डालडा’ म्हटले जाई, त्यातलाच प्रकार. ज्या घरात किराण्याचा हिशेब आठवड्याच्या मजुरीवर बसवला जातो, तेथे अशा गोणीचा खर्च लहान नसतो. म्हणून ती पारखून घेणे ही चैनीतली नव्हे, काटकसरीतली बाब ठरते.

विशेष असे, की ही पारख शेतकऱ्याला नवी नाही. सरकी पेंड घेताना तो ती चिमटीत धरून पाहतो, वास घेतो, दुभत्या जनावराच्या पशुखाद्याच्या गोणीवरील प्रथिनांचा आकडा विचारतो. हाच माणूस कुत्र्याचे खाद्य घेताना मात्र गोणीवरील गुबगुबीत कुत्र्याच्या छायाचित्रावर विसंबतो.

भाकरीत काय कमी पडते

कोणतेही विकतचे खाद्य निवडण्यापूर्वी घरच्या अन्नात नेमके काय उणे आहे, हे ठाऊक हवे. वीस किलो वजनाच्या, बेताची हालचाल असलेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ११०० किलोकॅलरी ऊर्जा लागते. ही सारी ऊर्जा ज्वारीच्या भाकरीतून द्यायची म्हटले, तर सुमारे ३२० ग्रॅम पीठ लागेल. ज्वारीत प्रथिने ढोबळमानाने दहा टक्के. म्हणजे त्या कुत्र्याला मिळाली ३२ ग्रॅम. अमेरिकेतील ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स’ ही संघटना, जिला संक्षेपाने ‘आफ्को’ म्हणतात, तिची किमान प्रमाणे जगभर संदर्भासाठी वापरली जातात. त्या हिशेबाने याच कुत्र्याला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने हवीत. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळातच कमी असते.

कॅल्शियमची तूट याहून कितीतरी मोठी. गरज दिवसाला सुमारे १.४ ग्रॅमची आणि ३२० ग्रॅम ज्वारीतून मिळते १०० मिलिग्रॅमच्याही आत. त्याच ज्वारीत स्फुरद मात्र कॅल्शियमच्या कैकपट असते. हे प्रमाण असे उलटे राहिले, की शरीर रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी हाडांतून ते काढून घेऊ लागते. प्रौढ कुत्रा इकडेतिकडे मिळणाऱ्या हाडांवर हे काही अंशी भरून काढतो. वाढत्या पिलाला ते जमत नाही. पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेली, चालताना फताडे टाकणारी पिले गावोगाव दिसतात. त्यातील अनेकांची कहाणी निव्वळ भाकरी आणि दूधपाण्याची असते.

याचा अर्थ भाकरी कुत्र्याला पचत नाही, असा मात्र नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले, की पिष्टाचे पचन करणारे अमायलेज हे विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात केवळ दोन प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ पासून ३० पर्यंत आढळतात. माणसाच्या उंबरठ्यावर हजारो वर्षे काढलेल्या या प्राण्याने माणसाचे धान्यही पचवायला घेतले. ‘कुत्रा म्हणजे घरात आलेला लांडगा, त्याला धान्य वर्ज्य’ हा जो प्रचार महागड्या खाद्यांच्या जाहिरातींतून होतो, त्याला शास्त्राचा हा आधार नाही. शिजलेला मका, तांदूळ, ज्वारी ही कुत्र्यासाठी भेसळ नव्हे. प्रश्न आहे तो धान्यासोबत आणखी काय आणि किती आहे, याचा.

क्रमवारी आणि पाण्याचे वजन

गोणीच्या पाठीवर घटकद्रव्यांची यादी असते. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते, हा जगभरचा सर्वसाधारण संकेत. म्हणजे पहिले नाव ते सर्वांत जास्त वजनाचे. वरवर सरळ वाटणाऱ्या या नियमात दोन पेच आहेत आणि बहुतेक ग्राहक त्या दोन्हींत सापडतात.

पहिला पेच पाण्याचा. यादीत पहिले नाव ‘ताजे चिकन’ असे दिसले, की घेणारा सुखावतो. पण घटकांचे वजन यंत्रात घालण्यापूर्वीचे धरले जाते आणि ताज्या कोंबडीच्या मांसात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. शंभर किलो मिश्रणात ३० किलो ताजे मांस घातले, तर कोरडे होताना त्यातून उरतात जेमतेम ९ किलो. याउलट ‘चिकन मील’, म्हणजे शिजवून, चरबी व पाणी काढून दळलेली मांसाची भुकटी, २० किलो घातली तर तिच्यात पाणी दहाएक टक्केच असल्याने १८ किलो ऐवज हाती राहतो. यादीत खाली असलेली भुकटी प्रत्यक्षात वरच्या ताज्या मांसाच्या दुप्पट भरते. हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नसावी. हिरव्या मक्याचा भारा आणि ज्वारीचा कडबा एकाच तराजूत तोलून दोहोंत सारखाच चारा आहे, असे कोणी म्हणत नाही.

दुसरा पेच विभागणीचा. समजा यादी अशी आहे: चिकन मील, मका, तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा, सोयापेंड. पहिले नाव मांसाचे, म्हणून खाद्य मांसप्रधान वाटते. पण चिकन मील २० टक्के, मका १८, कणी १७ आणि कोंडा १५ टक्के असेल, तर तिन्ही मिळून धान्य ५० टक्के झाले. एकाच जातीचा माल तीन नावांनी वाटून दिला, की प्रत्येक वाटा मांसाखाली सरकतो. त्यात बेकायदेशीर काही नाही. म्हणून यादी वाचताना पहिल्या पाच-सहा नावांतील धान्ये मनातल्या मनात एकत्र करावीत आणि मग मांसाशी तुलना करावी.

भारतात मिळणाऱ्या अनेक स्वस्त व मध्यम किमतीच्या पाकिटांवर ‘तृणधान्ये व त्यांचे उपपदार्थ, मांस व मांसाचे उपपदार्थ’ असा मोघम मजकूर आढळतो. ‘उपपदार्थ’ या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. यकृत, फुप्फुसे, आतडी हे उपपदार्थच आहेत, आणि वजडीवर कुत्रा कसा तुटून पडतो हे कोणत्याही खाटकाच्या दुकानासमोर पाहायला मिळते. पोषणाच्या दृष्टीने यकृत हे निव्वळ मांसापेक्षा सरसच. खटकायला हवा तो मोघमपणा. मका की कोंडा, कोंबडी की अन्य कोणता प्राणी, हे जेथे सांगितलेले नाही, तेथे या खेपेचा माल आणि पुढच्या खेपेचा माल सारखाच असेल, याची शाश्वती नसते. बाजारात जे स्वस्त ते गोणीत, अशी मोकळीक उत्पादकाला राहते. मांस कोणत्या प्राण्याचे, हा प्रश्न कित्येक घरांत केवळ आहाराचा नसतो, श्रद्धेचाही असतो. ज्या पाकिटावर ‘चिकन मील’, ‘मका’, ‘सोयापेंड’ अशी स्पष्ट नावे आहेत, ते निदान काय विकत आहे ते तरी सांगते.

यादीत मीठ कोठे आले आहे, तेही पाहावे. मीठ साधारण एका टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी घातले जाते. त्यामुळे मिठाच्या खाली लिहिलेली पालक, गाजर, ब्लूबेरी, हळद आदी मंडळी चिमूटभरच असतात. पुढच्या बाजूस मात्र त्यांचीच रंगीत चित्रे मोठी असतात. खुद्द लाल-हिरवे दाणेही असेच. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, तांबडा व हिरवा यांतील भेद नीटसा कळत नाही. तो रंग कुत्र्यासाठी नसून पैसे देणाऱ्यासाठी असतो.

‘पण आमचा कुत्रा तेच आवडीने खातो’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. त्याचे उत्तर दाणे तयार करण्याच्या पद्धतीत आहे. पीठ, मांसाची भुकटी व जीवनसत्त्वे यांचे मिश्रण वाफेच्या साह्याने, दाबाखाली मळसूत्री यंत्रातून ढकलले जाते आणि साच्याच्या तोंडाशी कापले जाते. बाहेर पडताच ते फुलते. बाजारातले कुरकुरीत मक्याचे खाऊ बनतात, तेच हे तंत्र. अमेरिकेत प्युरिना कंपनीने १९५७ मध्ये या पद्धतीचे श्वानखाद्य बाजारात आणले आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. दाणे वाळल्यावर त्यांच्यावर चरबी आणि स्वादद्रव्य फवारले जाते. कुत्रा ज्या वासाला भुलतो, तो वरचा लेप असतो. आत काय आहे, याची साक्ष त्यावरून काढता येत नाही.

चार आकडे आणि एक वजाबाकी

घटकांच्या यादीशेजारी बहुधा चार आकड्यांचा छोटा तक्ता असतो: क्रूड प्रोटीन किमान इतके, क्रूड फॅट किमान इतके, क्रूड फायबर कमाल इतके, ओलावा कमाल इतका. कर्बोदकांचा आकडा सहसा नसतो. तो वजाबाकीने काढावा लागतो. प्रथिने २०, स्निग्धांश १०, तंतू ५, ओलावा १२ आणि राख, म्हणजे खनिजे, अंदाजे ८, बेरीज ५५. शंभरातून गेले ५५, उरले ४५. अशा खाद्याचा जवळजवळ निम्मा भाग पिष्टमय आहे. यात गैर नाही. पण मग घरात ज्वारी असताना ज्वारीसारख्याच गोष्टीचे दाम किती मोजायचे, हा हिशेब सुचतो.

तो हिशेब किलोवर करू नये, ऊर्जेवर करावा. प्रथिने व कर्बोदकांच्या दर ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाच्या ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी धरल्या, तर वरील खाद्याच्या शंभर ग्रॅमात सुमारे ३१२ किलोकॅलरी निघतात. समजा, ते १५० रुपये किलोने मिळते. दुसरे खाद्य २४ टक्के प्रथिने व १४ टक्के स्निग्धांशाचे, शंभर ग्रॅमाला सुमारे ३४३ किलोकॅलरींचे आणि १८० रुपये किलोचे आहे. वीस किलोच्या आपल्या कुत्र्याला पहिले रोज ३५० ग्रॅम लागेल, दुसरे ३२० ग्रॅम. महिन्याचा खर्च पहिल्याचा सुमारे १५८० रुपये, दुसऱ्याचा १७३०. किलोमागे तीस रुपयांचा दिसणारा फरक महिन्याकाठी दीडशे रुपयांवर आला आणि रोजची प्रथिने ७० ग्रॅमवरून ७७ वर गेली. दर किलोचा पाहून स्वस्त गोणी उचलणारा नेहमीच बचत करतो असे नाही. उलट फार महाग खाद्यातील वाढीव प्रथिने घरी झोपून राहणाऱ्या कुत्र्याच्या उपयोगी पडतातच, असेही नाही. जास्तीची प्रथिने शरीर साठवत नाही.

मात्र ‘क्रूड प्रोटीन’ या शब्दातील ‘क्रूड’ विसरता कामा नये. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजली जात नाहीत. नमुन्यातील नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. ते नत्र मांसातून आले की अन्य कशातून, हे या पद्धतीला कळत नाही. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र लिहिलेले प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहे. ४६ गुणिले ६.२५ केले, तर युरियात २८७ टक्के ‘प्रथिने’ निघतील! गायीच्या पोटातील सूक्ष्म जीव थोड्या युरियातून खरीखुरी प्रथिने घडवू शकतात, म्हणून कडब्यावर युरियाची प्रक्रिया करतात. कुत्र्याच्या पोटात ती सोय नाही.

या पळवाटेचा भयंकर वापर २००७ मध्ये उघडकीस आला. चीनमधून उत्तर अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातील नत्रयुक्त रसायन मिसळलेले होते, हेतू हाच, की चाचणीत प्रथिनांचा आकडा फुगावा. मूत्रपिंडे निकामी होऊन कुत्री-मांजरे दगावू लागली. कॅनडातील मेनू फूड्स या कंपनीने त्या वर्षी मार्चमध्ये सहा कोटींच्या घरात डबे व पाकिटे परत मागवली. ती प्रामुख्याने ओल्या खाद्याची होती. पण धडा कोरड्या खाद्यालाही तितकाच लागू आहे. टक्केवारीच्या आकड्याला घटकांच्या यादीची जोड हवी. आकडा मोठा आणि यादीत त्या आकड्याला शोभेलसा प्रथिनांचा स्रोतच दिसत नाही, अशी गोणी बाजूला ठेवणे बरे.

पिलू, कॅल्शियमची बाटली आणि माळकरी घर

पिलाच्या बाबतीत एक चूक भाकरीची, तर दुसरी अतिलाडाची. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉरचे पिलू घरी आले, की पिलांसाठीच्या चांगल्या खाद्याबरोबर वरून कॅल्शियमचे औषध पाजण्याची रीत पडली आहे. आफ्कोच्या निकषांनुसार वाढीच्या वयातील खाद्यात कोरड्या वजनावर किमान १.२ टक्के कॅल्शियम असावे. पण मोठ्या जातीच्या पिलांसाठी ते १.८ टक्क्यांच्या वर जाऊ नये. कमाल मर्यादा घालण्याचे कारण असे, की लहान पिलाचे आतडे नको असलेले कॅल्शियम पुरेसे नाकारू शकत नाही. ते शरीरात शिरते, हाडांच्या वाढीची लय बिघडवते आणि सांध्यांचे दोष बळावतात. तेव्हा पाकिटावर पिलांच्या वाढीसाठी ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, म्हणजे परिपूर्ण व समतोल, असा उल्लेख असेल, तर बाटलीची गरज नाही. आणि केवळ भाकरी देऊन बाटलीतले दोन चमचे पाजले, तर प्रथिनांची तूट तशीच राहते. मोठ्या जातीच्या पिलांसाठीचे खाद्य वेगळे मिळते. पैसे खर्च करायचेच असतील, तर पहिल्या वर्षात येथे करावेत. पुढे प्रौढपणी काटकसर चालून जाते.

बीड जिल्ह्यात वारकरी संप्रदायाचा पगडा मोठा. गळ्यात माळ असलेल्या घरात मांसाची भुकटी घातलेले दाणे उंबऱ्याआत येणे अवघड, आणि अंडेही नाही. अशा घरातला कुत्रा पोषणाला मुकलाच पाहिजे का? तसे नाही. मांजराला मांसाहाराशिवाय गत्यंतर नाही. कुत्र्याचे शरीर मात्र वनस्पतिजन्य आहारावर तगू शकते, अट एवढीच की त्या आहाराची जुळणी नीट केलेली हवी. शाकाहारी श्वानखाद्य बाजारात मिळते. त्याच्या यादीत सोयाबीनसारखा प्रथिनांचा ठळक स्रोत वरच्या क्रमांकांत आहे का, मिथिओनिन हे अमिनो आम्ल वेगळे घातले आहे का, जीवनसत्त्व ब-१२ आणि ड यांचा उल्लेख आहे का, हे पाहावे. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर, पण मिथिओनिन कमी. धान्यात त्याच्या उलट. दोन्ही एकत्र आले की उणीव बरीच भरते, हे वरण-भाताचे जुने गणित येथेही लागू पडते. नुसते ‘दूध व भाज्या’ असे नाव पाहून गोणी घेतली आणि यादीत धान्यावर धान्यच निघाले, तर ती महाग भाकरीच होय.

ज्यांना सारे खाद्य विकतचे देणे परवडत नाही, त्यांनी गोणीकडे पूर्ण जेवण म्हणून नव्हे, जोड म्हणून पाहायला हरकत नाही. प्रौढ कुत्र्याच्या भाकरीतील प्रथिनांची जी तूट आधी पाहिली, ती सुमारे १८ ग्रॅमची होती. वीस टक्के प्रथिनांचे शंभर ग्रॅम दाणे, तेवढ्याच ऊर्जेची भाकरी कमी करून दिले, तर तुटीचा मोठा भाग भरतो. त्यात एक टक्का कॅल्शियम असेल, तर रोजच्या गरजेतील एक ग्रॅमही मिळून जातो. एखादे उकडलेले अंडे किंवा मूठभर शिजवलेली सोयावडी घातली, की उरलेलेही भागते. सोयाबीन कच्चे देऊ नये, त्यातील घटक प्रथिनांच्या पचनाला अडथळा करतात. कांदा-लसणाचे कालवण भाकरीवर ओतण्याची सवय मात्र सोडलेली बरी. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. थोडे थोडे रोज गेले तरी अपाय साचत जातो. वाढत्या पिलाला अशी मिसळ न देता पिलांचेच खाद्य मुख्य ठेवावे. एखादा विकार असलेल्या, विशेषतः मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या कुत्र्याचा आहार पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावा. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत.

धान्यविरहित म्हणजे ‘ग्रेन-फ्री’ खाद्याविषयी येथे दोन शब्द पुरेत. धान्य काढले तरी दाणा बांधायला पिष्ट लागतेच. त्याजागी वाटाणा, मसूर, बटाटा येतो. अशा खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या हृदयाचे स्नायू दुबळे होण्याच्या विकाराचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये जाहीर केली. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये, अर्थपूर्ण अशी नवी शास्त्रीय माहिती मिळेपर्यंत यापुढे निवेदने देणार नसल्याचे प्रशासनाने सांगितले. शंका पुरती मिटलेली नाही. ज्या प्राण्याला ज्वारी सुखाने पचते, त्याच्यासाठी ज्वारी नसल्याचे अधिक पैसे मोजावेत, असे काही त्यातून दिसत नाही.

सुटे दाणे, बुरशी आणि पाणी

माणसाच्या अन्नावर देखरेख ठेवणारा २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा पशुखाद्याला आपल्या व्याख्येतून वगळतो. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ११९६८ हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठीचे मानक आहे; पाकिटावर त्याचा उल्लेख असेल, तर ती जमेची बाजू. उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत ही माहिती पाकीटबंद मालावर असावीच लागते.

खरी अडचण येते ती सुट्या विक्रीत. वीस किलोची गोणी फोडून किलो-अर्धा किलोने दाणे विकण्याची पद्धत ग्रामीण भागात सोयीची आहे, कारण एकरकमी पैसे प्रत्येकाकडे नसतात. पण पिशवीत दाणे आले आणि घटकांची यादी दुकानातच राहिली! घेणाऱ्याने मूळ गोणी दाखवायला सांगावे, तारीख पाहावी, मोबाइलवर तिच्या पाठीचे छायाचित्र काढून घ्यावे. गोणी किती दिवसांपूर्वी फोडली, हेही विचारावे. उघडल्यावर दीड महिन्याच्या आत संपवलेले बरे, कारण दाण्यांवर फवारलेली चरबी हवेने आणि उष्णतेने खवट होते. मराठवाड्याच्या चाळीस अंशांपुढील उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात ते आणखी लवकर होते. यादीत ‘टोकोफेरॉल’ म्हणजे ई जीवनसत्त्वाच्या वर्गातील संरक्षक असेल तर उत्तम, पण ते बीएचए, बीएचटी यांसारख्या कृत्रिम संरक्षकांइतके दीर्घकाळ टिकत नाही. अशा खाद्याची तारीख अधिक काळजीने पाहावी लागते. युरोपीय संघाने पशुखाद्यातील वापर २०१७ मध्ये स्थगित केलेले इथॉक्सिक्विन यादीत दिसल्यास दुसरा पर्याय शोधावा.

पावसाळ्यात धोका बुरशीचा. मका आणि भुईमूग यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते आणि ते यकृतावर आघात करते. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांच्या आदिवासी भागांत पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन काविळीची साथ पसरली. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. त्या गावांतील कुत्र्यांनाही तोच आजार जडल्याची नोंद आहे. एकाच मक्यावर दोघे जगत होते. अमेरिकेत २००५ मध्ये आणि पुन्हा २०२० च्या अखेरीस कोरड्या श्वानखाद्यातील याच विषामुळे कुत्री मेली आणि माल परत घ्यावा लागला. म्हणून ‘माणसाला चालत नाही, कुत्र्याला घाला’ असे म्हणून बुरशी आलेले धान्य किंवा शेंगदाणे त्याच्यापुढे टाकू नयेत. विकतच्या दाण्यांना कुबट वास, चिकटपणा किंवा पांढुरकी बुरी दिसली, तर ती गोणी वाया गेली असे समजावे. उन्हात वाळवून किंवा पुन्हा शिजवून अफ्लाटॉक्सिन जात नाही. दाणे मूळ पाकिटासह घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यात, कीटकनाशके आणि खतांच्या पोत्यांपासून दूर ठेवावेत.

भाकरीवरून दाण्यांवर येताना बदल एका दिवसात करू नये. आठवडाभर दाण्यांचे प्रमाण रोज थोडे वाढवत न्यावे, नाहीतर पोट बिघडते आणि दोष नव्या गोणीवर येतो. महिन्याभराने हाताने बरगड्या चाचपाव्यात. हलक्या दाबाने त्या जाणवल्या तर मात्रा ठीक; शोधाव्या लागल्या तर दाणे कमी करावेत. पाकिटावरील मात्रेचा तक्ता हा अंदाज असतो, आणि घरी पडून राहणाऱ्या कुत्र्यासाठी तो पुष्कळदा जास्तच भरतो.

आणखी एक बाब कोणत्याही यादीत ठळकपणे लिहिलेली नसते. ताकात कुस्करलेल्या भाकरीतून कुत्र्याच्या पोटात आपोआप पाणी जाते. कोरड्या दाण्यांत ते जेमतेम दहा-बारा टक्के. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागते आणि दाण्यांवर आल्यावर त्यातील जवळजवळ सगळे त्याला भांड्यातूनच प्यावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत, टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर दाण्यांची गोणी घ्यायची असेल, तर तिच्याबरोबर सावलीत ठेवलेले, दिवसातून दोनदा भरले जाणारे पाण्याचे एक भांडेही हिशेबात धरावे लागेल. ते जमणार नसेल, त्या दिवसांत दाणे तासभर पाण्यात भिजवून द्यावेत आणि भिजवलेले उरले तर संध्याकाळपर्यंत ठेवू नयेत.